कळंब्याला माउंटन बाईक न्यायची म्हणताय? मग आधी हे बघून घ्या

कळंबा तलाव शहराला एवढा खेटून आहे की कोल्हापुरात कुणी त्याची तयारी वगैरे करत नाही. गारगोटी रोड धरला की आलाच, जाऊन येऊया तासाभरात, असं म्हणून लोक घरातल्या चपलेवर निघतात, एक बाटली पाणी, तीही अर्धी. बांधावर आहात तोवर हे चालून जातंय. पण तलावाच्या पलीकडच्या अंगाला, कात्यायनीच्या डोंगराकडं पाणंदीनं आत शिरलात आणि तिथं टायर बसला की ना पंक्चरवाला ना रिक्षा, सायकल ढकलत डांबरीपर्यंत यायचं, आणि तेही बहुतेक दहाच्या पुढच्या उन्हात. म्हणून ही यादी, लांबच्या ट्रिपला असती तशीच, फक्त कळंब्यासाठी.

सगळ्यात आधी पाऊस कधी पडलाय ते बघा, सायकल नंतर. रानातली माती ओली असताना काळ्या मातीत सायकल घालणं म्हणजे निव्वळ त्रास. चिखल टायरला असा थर धरतो की चाक फोर्कमध्ये अडकून फिरायचंच बंद होतं, मग काडीनं उकरत बसायचं, दहा फूट जायचं, परत उकरायचं. वर पाणंदीत तुमच्या टायरची जी चर पडते ती वाळून दगडासारखी होते आणि पुढं सगळा सीझन तिथनं जाणारा प्रत्येकजण तुमच्या नावानं शिव्या देतो, त्यात बैलगाडीवाला शेतकरी पण आला. सोपी टेस्ट आहे, वाटेच्या तोंडाला उतरायचं आणि बुटाची टाच दाबून बघायची. टाच रुतली आणि माती बुटाला घेऊनच वर आली तर तिथनंच मागं फिरायचं, डांबरीवरनं एखादी लांब राईड मारायची. नुसता ठसा उठला आणि बूट स्वच्छ निघाला तर खुशाल जा. जून ते सप्टेंबर बहुतेक दिवस मागंच फिरायला लागतंय, त्यामुळं मजा खरी दिवाळीनंतर. वर मुरमाड चढावर मात्र पाणी लवकर निचरतं, तिथं एक उघडीप मिळाली तरी पुरते.

आता टायर, इथं जरा वेळ घालवा. कोरड्या दिवसांत इथला मोठा शत्रू म्हणजे काटे. बाभळीचा काटा आणि सराटा, दोन्ही आहेत, आणि शेताच्या कुंपणाला लावलेल्या काट्याच्या फांद्या वाऱ्यानं वाटेवर येऊन पडतात ते वेगळंच. जमत असेल तर ट्यूबलेस करून घ्या, खर्च एकदाच होतो. पण सीलंट, म्हणजे आतनं भोक बुजवणारं पातळ द्रव, भरलंय म्हणून निवांत राहू नका, आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत आत वाळून रबराचा पापुद्रा होतंय, सायकल कानाजवळ धरून हलवून बघा, डुचमळल्याचा आवाज नाही आला तर नवीन घाला. सोबत भोकात खुपसायच्या प्लगच्या पट्ट्या ठेवा, मोठ्या भोकाला सीलंट एकटं पुरत नाही. ट्यूबवाल्यांनी दोन जादा ट्यूब घ्या, एक नाही, आणि बदलताना टायरच्या आतनं सगळीकडं अंगठा फिरवून काट्याचं टोक शोधा, हळू फिरवा, नाहीतर अंगठ्यालाच सापडतंय. ते टोक राहिलं की दुसरी ट्यूब पण पाच मिनिटांत गेली.

हवेचं पण बघा. रस्त्यावरच्या सवयीनं ५०-६० पीएसआय टाकून कुणी खडकाळ उतारावर आला की सायकल नुसती उड्या मारते. ट्यूबलेसला रुंद टायर आणि मध्यम वजन असेल तर २२ ते २८, ट्यूब असेल तर थोडी जास्त, ३० च्या वर, नाहीतर दगडावर आपटून रिममध्ये ट्यूब चिमटते. व्हॉल्व्ह कुठला आहे तेही आताच बघून ठेवा. बारका, वरती स्क्रूचं टोक असलेला प्रेस्टा असेल तर पेट्रोल पंपावरचं नोझल त्याला बसत नाही, पितळी अ‍ॅडाप्टर लागतो, दहा-वीस रुपयांची वस्तू असेल, पण ऐन वेळी नसली की सगळं अडतंय. एक अ‍ॅडाप्टर व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवा आणि छोटा हँडपंप बॅगेत टाका.

टूलमध्ये फार काही नको. ४, ५, ६ एमएमच्या अ‍ॅलन की आणि टी-२५ (चांदणीच्या टोकाची की) असलेला मल्टीटूल, टायर लिव्हर, तुमच्या चेनच्या स्पीडची (मागं जेवढे गिअर तेवढ्याची) मिसिंग लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी, आणि चेन तोडायचं अवजार, चार झिपटाय, थोडी इन्सुलेशन टेप. बस्स. निघायच्या आदल्या रात्री दोन्ही ब्रेक दाबून बघा, लिव्हर हँडलला टेकत असेल तर बाहेर पडूच नका. चेनला ऑइल मारताना स्प्रे वापरत असाल तर डिस्कवर फडकं टाका, त्या चकतीवर एक फवारा गेला की ब्रेक किंचाळतो आणि लागत नाही. सीट पोस्टचा क्विक रिलीज सहज उघडतो का तेही बघा, उतारावर सीट दोन बोटं खाली केली तरी फरक पडतो.

हेल्मेट पाहिजेच, त्यावर चर्चा नको. हातमोजे पूर्ण बोटांचे घ्या, कारण काटेरी झुडपं हँडलच्या उंचीलाच असतात. चष्मा पांढऱ्या काचेचा बरा, सकाळच्या किड्यांसाठी.

पाणी तासाला निदान अर्धा लिटर धरून चाला, मार्च-एप्रिलमध्ये त्याच्या दुप्पट, एका बाटलीत ओआरएस टाका. तलावाचं पाणी बाटलीत भरू नका, आणि तो पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे त्यामुळं सायकल पण तिथं धुवायची नाही. खायला गुळाची शेंगदाणा चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू, खिशात चुरगळला तरी खाता येतो. भडंग घेऊन येणारे पण बघितलेत, चवीला एक नंबर पण चढ चढून घसा कोरडा असताना खाऊन बघा, मग कळंल. मिसळ परत आल्यावर. आधी खाऊन चढाला लागणाऱ्याला माझा दुरूनच नमस्कार.

वाटेतल्या लोकांचं पण यादीत धरा. सकाळी बांधावर फिरायला येणारी मंडळी, त्यात म्हातारी माणसं बरीच, त्यामुळं घंटी लावा, ती फक्त डांबरी सायकलला असते असं काही नाही. पुढं शेतात वाटेवरनं मोटारीचे पाईप आडवे टाकलेले असतात, गवतात दिसत नाहीत, त्यावर चाक तिरकं गेलं की सरळ खाली, म्हणून तिथं सावकाश आणि काटकोनातच ओलांडायचं. पाईपवर उडी मारून फिटिंग निसटलं तर शेतकऱ्यानं काय म्हणायचं? कुणाच्या पिकातनं शॉर्टकट नाही, काठीचं फाटक उघडलं तर लावून पुढं जायचं, आणि कुणी बांधावर बसलेला दिसला तर "काका, हिकडनं जाऊ का?" एवढं विचारलं की वाट पण कळते आणि पुढं कुत्री कुठं सुटलेली आहेत ते पण कळतं. ऊसतोड चालू असताना मागचा लाल ब्लिंकर दिवसा पण चालू ठेवा, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर डेकवर गाणी लावून येतोय, त्याला तुमची घंटी ऐकू जाणार नाही. हिवाळ्यात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतोय, संध्याकाळी निघणार असाल तर पुढचा लाईट चार्ज करूनच या.

हे सगळं जमलं की काहीजण लगेच राधानगरीचा प्लॅन काढतात. काढा, पण तिथं हिशोब वेगळा. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं ते धरण, सात स्वयंचलित दरवाजे, पाणी भरलं की आपोआप उघडतात आणि भोगावती वाढते, मग नदीवरच्या ज्या केटी (कोल्हापूर टाइप) बंधाऱ्यांवरनं सायकल काढायचा तुमचा बेत आहे ते पाण्याखाली असतात. भोगावतीचं पाणी पुढं पंचगंगेतच येतं; कोल्हापुरात पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३, त्या दिवसांत बातम्यात आकडा चढता दिसला की बेत रद्द. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही, ते गव्यांचं रान आहे. गवा समोर आला तर सायकल थांबवून, आवाज न करता मागं सरकायचं, फोटो राहूदे.

घरी आल्यावर सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशर गननं सायकल धुवू नका, हबच्या आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलच्या आसाच्या) बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. बादलीभर पाणी, जुना टूथब्रश, चेन फडक्यानं कोरडी करायची, मग प्रत्येक कडीला एक थेंब ऑइल. आणि टायर तेवढे एकदा हातानं चाचपून घ्या, अडकलेला काटा आताच काढला तर पुढच्या रविवारी सकाळी बसलेला टायर बघायला लागणार नाही.