कॅम्पिंगला गॅस किती न्यायचा? हिशेबातल्या या चुका टाळा

‘चौघं जण, तीन दिवस, म्हणजे दोन कॅनिस्टर (स्टोव्हला जोडायचे गॅसचे छोटे डबे)’ असा हिशेब बहुतेक जण करतात आणि तिथेच चुकतात. गॅस किती जळणार हे ठरतं ते किती लिटर पाणी तापवायचं आहे त्यावरून. तेव्हा आधी कागदावर लिटर मांडा: चहा-कॉफी, नाश्ता, रात्रीचं जेवण. पिण्याचं पाणी उकळून घेणार असाल तर तेही धरा. नेमकं तेच धरायचं राहतं आणि बऱ्याचदा तोच आकडा सगळ्यात मोठा असतो.

२० अंश सेल्सिअसचं १ लिटर पाणी उकळायला सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. कॅनिस्टरमधल्या १ ग्रॅम ब्युटेन गॅसमधून साधारण ४५ किलोज्यूल मिळते, म्हणजे कागदावर साडेसात ग्रॅम पुरतात. प्रत्यक्षात बरीच उष्णता भांड्याच्या कडेने निघून जाते. म्हणून लिटरला १२ ते १५ ग्रॅम धरा. दोघांना रोज ३ लिटर, तीन दिवस, म्हणजे ९ लिटर आणि जास्तीत जास्त १३५ ग्रॅम. ११० ग्रॅमचं कॅनिस्टर पुरणार नाही, २३० ग्रॅमचं आरामात पुरेल.

हा आकडाही डोळे झाकून घेऊ नका. निघण्याआधी मोकळ्या हवेत आपल्याच स्टोव्हवर, आपल्याच भांड्यात लिटरभर पाणी उकळा आणि आधी-नंतर कॅनिस्टर वजनकाट्यावर ठेवा. झाकण ठेवून आणि न ठेवता, दोन्ही करून बघा. आच मोठी केली की पाणी लवकर उकळतं, पण ज्वाळा भांड्याबाहेर गेल्या की तेवढा गॅस वायाच. मध्यम आच आणि झाकण, एवढ्यानेही चांगली बचत होते.

सगळा हिशेब उधळून लावतो तो वारा. उघड्यावर दुप्पट गॅस सहज जातो, कधी त्याहूनही जास्त. आडोसा हवाच, पण कॅनिस्टरवर थेट बसणाऱ्या स्टोव्हला चारही बाजूंनी पत्र्याने वेढू नका. कॅनिस्टर तापून फुटू शकतं. दगडाचा किंवा सॅकचा आडोसा वाऱ्याच्या बाजूने, थोडा लांब ठेवा. वारा आहे म्हणून तंबूत स्टोव्ह पेटवणं तर नकोच: आगीचा धोका आहे आणि कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो.

‘गॅस संपला’ असं वाटतं तेव्हा

थंडीत सकाळी आच मंदावली की आधी कॅनिस्टर हलवून बघा. आत द्रव डुचमळत असेल तर गॅस संपलेला नाही, गारठलाय. साधं ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायूरूप घेईनासं होतं. आयसोब्युटेन उणे १२पर्यंत आणि प्रोपेन उणे ४२पर्यंत चालतं. कॅनिस्टरमध्ये या वायूंचं मिश्रण असेल तर त्यातलं प्रोपेन आधी जळून जातं, त्यामुळे अर्धवट वापरलेलं कॅनिस्टर थंडीत जास्त रडवतं. रात्री ते स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, नाहीतर कोमट पाण्यात थोडा वेळ उभं करा. आचेवर कधीही तापवू नका.

बर्फ वितळवून पाणी करणार असाल तर गॅस दुपटीहून जास्त लागतो, कारण १ किलो बर्फ नुसता वितळायलाच ३३४ किलोज्यूल जातात. उंचीचा परिणाम वेगळा. ४,००० मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे तांदूळ शिजायला वेळ जास्त लागतो. तिथे लवकर शिजणारं न्या आणि कडधान्यं आधी भिजवा.

स्पिरिटचा स्टोव्ह असेल तर गॅसचे आकडे वापरू नका. स्पिरिटमधल्या इथेनॉलमधून ग्रॅमला सुमारे २७ किलोज्यूलच मिळतात, त्यामुळे वजनाने दीडपटीहून जास्त इंधन लागतं.

उरलेलं कॅनिस्टर हाताने अंदाज घेऊन सॅकमध्ये टाकू नका. नवं असतानाच त्याचं वजन करा, त्यातून छापलेलं गॅसचं वजन वजा करा आणि येणारं रिकाम्या डब्याचं वजन त्यावर मार्करने लिहा. पुढे काट्यावर ठेवलं की उरलेला गॅस कळतो. विमानाने जाणार असाल तर गॅस सामानात किंवा केबिनमध्ये, कुठेच चालत नाही. तिथे पोचून घ्यावा लागेल, तेव्हा आपल्या स्टोव्हला बसणाऱ्या व्हॉल्व्हचं कॅनिस्टर तिथे मिळतं का, हे आधी विचारून ठेवा.