१२,३४,५६७ मूळ संख्या आहे का? या चुका टाळा

ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या घरी आठवी-नववीची मुलं गणिताला येतात. दरवर्षी त्यांना ही संख्या देते आणि विचारते, मूळ की संयुक्त? चुका दरवर्षी त्याच. 'शेवटी ७ आहे म्हणजे मूळच' म्हणणाऱ्याला २७ आणि ७७ लिहून दाखवते नि पुढे जाते.

मला खरा त्रास होतो तो अंकांच्या बेरजेचा. १ ते ७ ची बेरीज २८, तिला ७ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो असं मुलं बिनदिक्कत लिहितात. भागून बघा, बाकी ५ उरते. ही कसोटी ३ आणि ९ पुरती आहे. १०, १००, १००० यांना ९ ने भागलं की बाकी १ च उरते, म्हणून प्रत्येक अंक जसाच्या तसा बेरजेत येतो. १० ला ७ ने भागलं तर बाकी ३ उरते. मला युक्त्यांचं वावडं नाही, पण कारण ठाऊक नसलेली युक्ती वहीत नको.

माझी स्वतःची सवय सांगते. ७ × ११ × १३ = १००१. म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आळीपाळीने वजा-अधिक करायचं: ५६७ − २३४ + १ = ३३४. त्याला तिघांपैकी कुणानेच भाग जात नाही, मग १२,३४,५६७ लाही नाही. लाख-हजारांचे स्वल्पविराम बघून ५६७ − ३४ + १२ करू नका.

सगळ्यात जास्त नडते ती घाई. गेल्या मे महिन्यात एक मुलगी अख्खी दुपार बसली. १७, १९, २३ करत ११३ पर्यंत आली, एकही भागाकार चुकला नाही. पुढे ११५, ११७, ११९, १२१, १२३, १२५ सगळ्या संयुक्त निघाल्या. तिचा धीर सुटला. 'मूळ संख्या' लिहून तिने वही मिटली. तीस मूळ संख्या तपासून झाल्या होत्या, एकतिसावी १२७.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडूनच भागाकार करून घेतला. १२३४ मध्ये नऊ वेळा, उरले ९१. ९१५ मध्ये सात वेळा, उरले २६. २६६ मध्ये दोन वेळा, उरले १२. शेवटचा ७ खाली उतरवला आणि समोर १२७ च उभे! भागाकार ९७२१, बाकी शून्य. ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत होती.

थांबायचं कुठे, हे आधी ठरवा. संयुक्त संख्येला तिच्या वर्गमुळाच्या आतल्या एखाद्या मूळ संख्येने भाग जातोच. ११११ चा वर्ग १२,३४,३२१, म्हणजे ११११ पर्यंतच्या मूळ संख्या तपासायच्या. मी हा आकडा पानाच्या कोपऱ्यात चौकटीत लिहायला लावते. भाग गेला नाही तर चौकटीपर्यंत जायचंच.

१२,३४,५६७ चे विभाजक मोजताना १ आणि ती संख्या गाळू नका, १२७ आणि ९७२१ धरून एकूण चार होतात.

"बाई, आता ९७२१ पण पहिल्यापासून तपासायची?" तिने विचारलं. नाही. ९७२१ चं वर्गमूळ ९९ च्या आत आहे. ती संयुक्त असती, तर ९९ च्या आतल्या एखाद्या मूळ संख्येने तिला भाग गेला असता, आणि तिनेच १२,३४,५६७ लाही. त्या सगळ्या तिने आदल्या दुपारीच तपासल्या होत्या.