इथेनॉलसाठी मका पेरताय? आधी हा हिशोब करून बघा

पेट्रोलमधे २० टक्के इथेनॉल आलं तेव्हापासून आपल्या नागपूरकडे बरेच जण सोयाबीन मोडून मका लावायचं म्हणतायत. लावा, पण बियाण्याची बॅग घ्यायच्या आधी कागद-पेन घेऊन बसा.

आधी फॅक्टरीला मका कितीला परवडतो ते काढा. ते काढता येतं, कारण इथेनॉलचा भाव सरकार ठरवतं, २०२४-२५ ला मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१.८६ रुपये होते. टनभर मक्यातून साधारण ३८० लिटर निघतं, म्हणजे झाले २७,३०० च्या आसपास. २०२५-२६ ला मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० होता, म्हणजे टनाचे २४,०००. मधे उरले ३,३०० आणि वरून चोथ्याचे जे येतील ते, त्यातच त्यांना वीज, मजुरी, बँकेचे हप्ते सगळं भागवायचंय. म्हणून कोणी सांगितलं की इथेनॉलमुळे मका ३,००० च्या वर जाणार, तर त्या भावात इथेनॉलचे सगळे पैसे टाकले तरी नुसत्या मक्याचीच किंमत भागत नाही हे त्याला दाखवा. शिवाय जानेवारी २०२५ मधे सरकारने इथेनॉलसाठी एफसीआयचा, म्हणजे सरकारी अन्न महामंडळाचा, तांदूळ २,२५० रुपये क्विंटलने दिला, म्हणजे मका महागला की फॅक्टरीकडे दुसरा माल आहेच.

आणि मका नाही लावला तरी हे प्रकरण तुमच्या वावरात येतंच. मक्याचं इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, डीडीजीएस म्हणतात त्याला, तो प्रोटीनवाला असतो आणि स्वस्त पडतो, मग कोंबडीखाद्यवाले सोयाबीन पेंड कमी घेतात. २०२४ ला सोयाबीन ४,८९२ च्या हमीभावाखाली विकावं लागलं त्यात बाकी कारणं होतीच पण हेही एक होतं. पेट्रोलमधे इथेनॉल मिसळायचा फायदा मोजताना हा तोटा कोणीच धरत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तरी लावायचाच असेल तर सगळं वावर मक्याखाली घालू नका, तूर राहू द्या. सरकारी धोरण हंगामाच्या मधेच फिरतं, ७ डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल बनवणं असंच ऐन गाळपात थांबवलं होतं. मक्याला युरिया जास्त लागतो, लष्करी अळी आणि रानडुकरांचा खर्चही धरा.

तोडायची घाई करू नका. कणसाच्या मधला दाणा काढा, जिथे तो कणसाला चिकटलेला असतो ते टोक नखाने खरवडा, काळा ठिपका दिसला की दाणा भरला. पण भरला म्हणजे वाळला असं नाही, ओलावा १४ टक्क्यांच्या आत पाहिजे, नाहीतर काट्यावर कटती ठरलेली. घरी बघायचं तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि कोरडं मीठ टाकून जोरात हलवा, मीठ काचेला चिकटलं तर अजून ऊन द्या.

आणि ई-पीक पाहणीत मक्याची नोंद वेळेत करून ठेवा, सातबाऱ्यावर मका दिसला नाही तर हमीभावाच्या खरेदीत तुमचा माल घेत नाहीत, मग अडत्या म्हणेल त्या भावात द्यावा लागतो.