ओल्या रस्त्यावर इलेक्ट्रिक कारचा वेग कमी करताना
इलेक्ट्रिक कारमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलताच मोटर जनित्राचे काम करू लागते आणि तिचा अवरोध केवळ मोटर जोडलेल्या चाकांवर पडतो. त्यामुळे निसरड्या रस्त्यावर, विशेषतः वळणावर, पाय झटकन काढल्यास ब्रेकला स्पर्श न करताही ती चाके घसरू शकतात. पावसात मोटरच्या या अवरोधाची, म्हणजेच रिजनरेटिव्ह ब्रेकिंगची, पातळी कमी ठेवावी आणि पाय हळूहळू उचलावा. मला अधिक काळजी वाटते ती ब्रेकच्या डिस्कची, कारण वापर कमी असल्याने त्यांवर ओल व गंज धरतो. मागे वाहन नसल्याची खात्री करून अधूनमधून ब्रेक दाबावा. अनेक गाड्यांत हलका दाब मोटरच पेलते, म्हणून तो जरा ठाम असावा. पुढील वाहनापासून किमान ४ सेकंदांचे अंतर राखावे.