गुरुवारी भोसरी बंद असते

पहिल्या डेमोला बाणेरहून भोसरी एमआयडीसीत गेलो, तो नेमका गुरुवार. लॅपटॉप, नवीकोरी व्हिजिटिंग कार्डं, इस्त्रीचा शर्ट, सगळी जय्यत तयारी. गेटला कुलूप. बाकावर तंबाखू मळत बसलेले वॉचमनकाका म्हणाले, "आज गुरुवार ना साहेब, सुट्टी. नवीन दिसताय इकडं." छोट्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायला निघालो होतो, सहा महिने कोड लिहून झाला होता, आणि आपल्या गिऱ्हाइकाची साप्ताहिक सुट्टी कधी असते याचा मला पत्ता नव्हता.

त्यानंतर लॅपटॉप घरी ठेवून गेलो. एका जॉबवर्कच्या युनिटमध्ये डिस्पॅचच्या टेबलाशेजारी आठवडाभर स्टूल टाकून बसलो. आम्ही बनवलं होतं प्रॉडक्शन प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर, रंगीत तक्त्यांसकट. तिथलं दुखणं भलतंच निघालं. माल प्लेटिंगला, म्हणजे धातूचा मुलामा द्यायला, बाहेर जायचा चलनावर, म्हणजे माल पाठवल्याच्या चिठ्ठीवर. पाचशे नग गेले, चारशे ऐंशी परत आले, मग वीस गेले कुठे? याचा हिशेब सुपरवायझरच्या खिशातल्या डायरीत, पानापानावर तेलकट बोटांचे ठसे. महिनाअखेरीस त्या डायरीवरून प्लेटिंगवाल्याशी ठरलेलं भांडण. ती डायरी मोबाइलवर आणणं, एवढंच आमचं प्रॉडक्ट झालं. बाकी बहुतेक कोड टाकून दिला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

म्हणून नव्याने उतरणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: "आमची आयडिया आवडली का?" हा प्रश्न विचारूच नका. माणसं भिडेखातर "छान आहे, बघू" म्हणतात, आणि 'बघू' म्हणजे नाही. हे काम आज कशावर करता, मागच्या महिन्यात त्यात किती पैसे बुडाले, ते विचारा. मग थोडे पैसे आगाऊ मागा. आम्ही दोन ठिकाणी तीन महिने फुकट दिलं, कोणी उघडूनही पाहिलं नाही. तिसऱ्याकडून पाच हजार घेतले, तर मालक स्वतः सुपरवायझरच्या मागे लागले, "अरे, पैसे भरलेत, वापर ना!"

आता वसुली. माझा खरा घाम इथेच निघाला.

पहिली मोठी ऑर्डर 1,20,000 रुपयांची. मालक तोंडी म्हणाले, "करून टाका." मी त्याच संध्याकाळी 18 टक्के जीएसटी लावून, म्हणजे वर 21,600 धरून, टॅक्स इन्व्हॉइस, म्हणजे पक्कं बिल, पाठवलं. पंधरा दिवसांनी विचारलं तर अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, "सर, पीओ नंबर कुठाय? पीओशिवाय बिल एंट्रीलाच घेत नाही आम्ही." पीओ म्हणजे परचेस ऑर्डर, त्यांची लेखी ऑर्डर. ती निघायला महिना गेला. पैसे आले चौथ्या महिन्यात, तेही टीडीएस, म्हणजे आयकराचा हिस्सा, कापून. पण जीएसटी बिलाच्या तारखेवर लागतो, पैसे आले की नाही हे सरकार विचारत नाही. पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला ते 21,600 मी बायकोच्या बचत खात्यातून भरले. तिने काही म्हटलं नाही, ते जास्त लागलं.

आता माझा क्रम ठरलेला आहे. आधी पीओ, मग प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल, आणि आगाऊ रक्कम जमा झाली की टॅक्स इन्व्हॉइस. आणि ओळख पहिल्या दिवशीच मालकांइतकी अकाउंट्सशी करून घ्यायची: बिल किती तारखेच्या आत द्यायचं, पेमेंट कोणत्या वारी सुटतं, सही कोणाची लागते.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, काम घेण्याआधीच करून ठेवा. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, तसल्याच दिसणाऱ्या खासगी साइटवर पैसे घालवू नका. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पहिल्यावहिल्या गिऱ्हाइकावर तक्रार कोणी करत नाही, मीही केली नाही. पण उद्यम नंबर बिलावर ठळक छापा. 2023-24 च्या हिशेबापासून, असं बिल गिऱ्हाइकाने मुदतीत चुकतं केलं नाही तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्याला आयकरात वजा मिळत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की त्यांचे सीए स्वतःच आपली आठवण काढतात.

कंपनी नोंदवायची घाई मी केली, तुम्ही करू नका. एकही गिऱ्हाईक नसताना प्रायव्हेट लिमिटेड केली. 30 दिवसांत ऑडिटर नेमा, 180 दिवसांत व्यवसाय सुरू झाल्याचं कळवा, आणि उलाढाल शून्य असली तरी दरवर्षी फॉर्म भरा. उशीर झाला तर वार्षिक फॉर्मला दिवसाला 100 रुपये. माझे दोन फॉर्म दीडशे दिवस राहिले, 30,000 गेले. एकटे असाल तर पहिले पैसे येईपर्यंत प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या मालकीचा धंदा, पुरते. मात्र केंद्र सरकारच्या स्टार्टअप इंडियाची मान्यता तिला मिळत नाही, आणि देणी अंगावर आली तर ती तुमच्या घरापर्यंत येतात, हे धरून चाला.

भागीदार असेल तर गोष्ट वेगळी. आम्ही दोघांनी अमृततुल्यात कटिंग घेताना निम्मे-निम्मे ठरवलं आणि तसेच शेअर काढले. नवव्या महिन्यात त्याला नोकरी लागली. मित्र अजून आहे, निम्मी कंपनीही त्याच्याकडेच होती, ती सोडवून घ्यायला वर्ष गेलं. शेअर चार वर्षांत हळूहळू मिळतील, पहिल्या वर्षाआत कोणी सोडून गेलं तर काहीच नाही, असं वकिलाकडून लिहून घ्या. मैत्री घट्ट असतानाच.

मदतीच्या जागा पुण्यात आहेत. संशोधनातून काही निघालं असेल तर पाषाणला एनसीएलच्या, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, आवारातलं व्हेंचर सेंटर, सीओईपी या अभियांत्रिकीच्या संस्थेत भाऊ इन्स्टिट्यूट. कारखानदार भेटायचे असतील तर 1934 पासूनचं एमसीसीआयए, म्हणजे उद्योग-व्यापाऱ्यांचं चेंबर. पण कार्यक्रमांची चटक लागू देऊ नका. मी एका वर्षात इतक्या पिच स्पर्धांना गेलो की समोशावरून आयोजक ओळखू यायचे.

अजूनही दर बुधवारी दुपारी माझी भोसरीत फेरी असते. त्या अकाउंट्सच्या मॅडम पेमेंट बुधवारी चारपर्यंत सोडतात, आणि त्या दिवशी राहिलं की शुक्रवार उजाडतो.