हाउस म्युझिक कसं ऐकायचं? आधी किक पकडा

हाउस म्युझिक म्हणजे क्लबमधे नाचायला मशीनवर बनवलेलं संगीत. ते लावलं की "नुसतं धप धप धप, याला काय गाणं म्हणायचं" हे आमच्या घरातलं ठरलेलं वाक्य आहे, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं. मग कळलं की आपण मुखडा-अंतरा शोधत बसतो आणि तो इथे बऱ्याचदा नसतोच, इथे एकेक थर सुटा करून ऐकायचा असतो, आणि प्रत्येक थर कुठून आला ते कळलं की मजा दुप्पट.

पहिलं म्हणजे मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यातून बेस येतच नाही म्हणजे अर्धं गाणं गायब. साधे वायरवाले इअरफोनपण चालतील. आणि सात-आठ मिनिटांचं पूर्ण व्हर्जन लावा, रेडिओसाठी कापलेलं नको.

आता टेबलावर बोटाने १-२-३-४ मोजा. प्रत्येक आकड्यावर मोठ्या ड्रमचा धप पडतो ती किक. दोन किकच्या मधे "त्स" येतो तो हायहॅट, म्हणजे ड्रमसेटमधल्या झांजा. ही धप-त्स-धप-त्स हाउसवाल्यांनी शोधलेली नाही, ती डिस्कोची, फिलाडेल्फियाचा ड्रमर अर्ल यंग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वाजवायचा. म्हणजे हाउस हे डिस्कोचंच पुढचं पोर. पण डिस्को तर मेला होता ना? १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कॉमिस्की पार्कमधे बेसबॉलच्या दोन मॅचच्या मधल्या वेळात स्टीव्ह डाल नावाच्या रेडिओ डीजेने डिस्कोच्या रेकॉर्ड्सचा ढीग स्फोटकं लावून उडवला, पब्लिक मैदानात घुसलं आणि दुसरी मॅच झालीच नाही. डिस्कोवर जीव टाकणारे बरेचसे लोक काळे, लॅटिनो, गे, त्यामुळे हा राग नुसता गाण्यांवरचा नव्हता असं अनेकजण म्हणतात, मलाही तेच पटतं.

त्याच शहरात १९७७ पासून द वेअरहाउस नावाचा क्लब चालू होता, रॉबर्ट विल्यम्सचा, आणि तिथे न्यूयॉर्कहून आणलेला डीजे फ्रँकी नकल्स. नव्या डिस्को रेकॉर्ड्स आटल्या तसं त्याने जुन्याच रेकॉर्ड्स टेपवर कापून, जोडून, लांबवून वाजवल्या, पुढे खाली ड्रम मशीनपण टाकलं. लोक रेकॉर्डच्या दुकानात जाऊन "वेअरहाउसमधे वाजतं ते द्या" म्हणायचे, त्यातूनच हाउस हे नाव पडलं असं सांगतात.

आता हे करून बघा. सत्तरच्या दशकातलं कुठलंही डिस्को गाणं लावा आणि लगेच पाठोपाठ जेसी साँडर्सचं १९८४ चं 'ऑन अँड ऑन'. व्हायोलिनं गेली, ट्रम्पेट गेले, उरलं मशीन आणि बेस. अख्खा वाद्यवृंद भाड्याने घ्यायला पैसे कुणाकडे होते, पोरं घरात बसून करायची, म्हणून तो आवाज असा उघडाबोडका, आणि मला तोच आवडतो.

मग ॲसिड, म्हणजे हाउसचाच एक चिरक्या आवाजाचा प्रकार. रोलंड कंपनीचं टीबी-३०३ हे मशीन गिटारवाल्यांना साथीला बेस मिळावा म्हणून काढलेलं, पण खऱ्या बेससारखं वाजेना आणि प्रोग्रॅम करायला डोकेदुखी, त्यामुळे बंद पडलं आणि सेकंडहँड स्वस्तात मिळायला लागलं. फ्यूचर नावाच्या ग्रुपने त्याची बटणं वाजता वाजता फिरवली आणि १९८७ ला 'ॲसिड ट्रॅक्स' आलं. ते ऐकताना चाल शोधू नका, पॅटर्न जवळपास तोच राहतो, फक्त आवाज कुठे चिरका होतो आणि कुठे मिटतो तेवढंच बघा.

अरे हो, हेच मशीन मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मधेच वापरलेलं, हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमधे वाजवणारा माणूस, डिस्को बीटवर दहा रागांची अख्खी एलपी! तेव्हा चालली नाही, २०१० मधे परत निघाली तेव्हा जगभर लोक चाट पडले. ॲसिड हाउस मुंबईत जन्मलं असंपण काहीजण म्हणतात, ते मला ओढूनताणून वाटतं, शिकागोपर्यंत धागा कुणी जोडून दाखवलेला नाही. पण त्यातला भैरव ऐकाच.

शेवटचं, सुरुवातीचे नुसते ड्रम स्किप करू नका, ते डीजेला दोन गाणी जोडता यावीत म्हणून असतात. एखादा तासाभराचा मिक्स, म्हणजे डीजेने सलग जोडलेली गाणी, लावा आणि दुसरं गाणं कधी घुसलं ते पकडायचा प्रयत्न करा. बहुतेक वेळा आधी नवा हायहॅट येतो, मग किक, आणि बेस एका वेळी एकाच गाण्याचा, दोन्ही राहिले तर चिखल होतो म्हणून डीजे जुन्याचा बेस कापून नव्याचा सोडतो. सांधा तिथेच असतो, नाही सापडला तर तीस सेकंद मागे घ्या आणि परत ऐका.