पिप नाकारलं गेलं, तर ट्रायब्युनलपर्यंत कसं जायचं

पिप, म्हणजे आजारपणासाठी किंवा अपंगत्वासाठी मिळणारी इंग्लंडमधली सरकारी मदत, नाकारल्याचं पत्र आलं की आधी त्यावरची तारीख बघा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या तारखेपासून निर्णयाला आव्हान द्यायला तुमच्या हातात एक महिना असतो. पत्र वाचून माणूस हबकतो, काही दिवस त्या पाकिटाला हात लावत नाही. मग घरातलंच कुणीतरी म्हणतं, 'जाऊ दे, आपल्याला कशाला हवेत सरकारचे पैसे.' बघता बघता महिना संपतो. हे वाक्य मी आमच्या घरी ऐकलंय आणि आता इंग्लंडमधल्या ज्या मराठी कुटुंबांबरोबर कागद घेऊन बसते, त्यांच्याकडेही ऐकते. ते मनातून काढून टाका. पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट म्हणजे पिप हे आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे जो जास्तीचा खर्च होतो त्यासाठी आहे. तुमचा पगार किंवा बँकेतली शिल्लक बघून ते ठरत नाही, नोकरी चालू असतानाही मिळतं.

माझ्या नवऱ्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. सकाळी त्याची बोटं मिटत नाहीत आणि मिटली तर उघडत नाहीत. तरी निर्णयाच्या पत्रात जवळपास सगळीकडे शून्य गुण होते. ट्रायब्युनलने, म्हणजे अपील ऐकणाऱ्या स्वतंत्र न्यायाधिकरणाने, तो निर्णय बदलला. त्या प्रवासात जे शिकले, ते इथे लिहिते.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट, कारण आपल्या लोकांमध्ये तिचा घोळ फार होतो. व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी मदत घेता येणार नाही, असं लिहिलेलं असेल, तर पिप मागायचं नाही. वर्क व्हिसा, स्टुडंट व्हिसा यांवर बहुतेक वेळा ही अट असते. पिप पब्लिक फंड्समध्ये मोडतं आणि अट मोडली तर इमिग्रेशनच्या अडचणी उभ्या राहतात. ज्याच्या नावाने अर्ज आहे त्याचा दर्जा आधी तपासा, शंका असेल तर इमिग्रेशनच्या सल्लागाराला विचारा. स्टेट पेन्शनचं वय उलटलेल्या आईवडिलांसाठी नव्याने पिप मागता येत नाही, त्यांच्यासाठी अटेंडन्स अलाउन्स असतो. अपिलाचा रस्ता मात्र तोच. आणि मी लिहिते आहे ते इंग्लंड-वेल्सचं. स्कॉटलंडमध्ये अ‍ॅडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट आहे आणि तिथली पद्धत वेगळी.

सरळ ट्रायब्युनलकडे जाता येत नाही. आधी डीडब्ल्यूपीलाच, म्हणजे पिप देणाऱ्या सरकारी खात्यालाच (डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्स), निर्णय पुन्हा तपासायला सांगावं लागतं, त्याला मँडेटरी रिकन्सिडरेशन म्हणतात. फोनवर सांगता येतं, पण लेखी द्या आणि प्रत ठेवा. निर्णयाआधी डीडब्ल्यूपीच्या वतीने तुमचं मूल्यमापन, म्हणजे तपासणी, झालेली असते; त्याच वेळी तिच्या अहवालाची प्रत मागून घ्या. निर्णय बहुतेक त्या अहवालावरच उभा असतो आणि तो वाचल्याशिवाय आपण नेमकं कशाला उत्तर देतोय हे कळत नाही. या टप्प्यावर निर्णय बदलला तर उत्तमच. नाही बदलला तर खचू नका, पुष्कळांचा बदलत नाही. त्यानंतर जी मँडेटरी रिकन्सिडरेशन नोटीस येते, ती जपून ठेवा. तिच्या तारखेपासून पुन्हा एक महिना मिळतो, त्यात एसएससीएस १ हा फॉर्म भरून किंवा ऑनलाइन अपील करायचं. फी काही नाही. उशीर झाला असेल तरी आशा सोडू नका. कारण नीट लिहून १३ महिन्यांच्या आत अपील दाखल करता येतं, ते स्वीकारायचं की नाही हे ट्रायब्युनल ठरवतं.

फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, सुनावणीला हजर राहणार की फक्त कागदांवर निर्णय हवा? हजर राहा. प्रत्यक्ष, फोनवर किंवा व्हिडिओवर, जसं जमेल तसं, पण तुमचं बोलणं त्यांच्या कानावर जायला हवं. कागदावरच्या अपिलांपेक्षा हजर राहिलेल्यांच्या अपिलांना यश कितीतरी जास्त मिळतं.

आता गुणांकडे येते, कारण सगळी लढाई तिथे आहे. पिपचे दोन भाग आहेत. रोजच्या जगण्याच्या भागात १० कामं, हिंडण्याफिरण्याच्या भागात २. प्रत्येक भागात ८ गुण झाले तर स्टँडर्ड दर, १२ झाले तर एनहान्स्ड, म्हणजे वरचा दर. २०२५-२६ मध्ये रोजच्या जगण्याचे आठवड्याला ७३.९० किंवा ११०.४० पाउंड आणि हिंडण्याफिरण्याचे २९.२० किंवा ७७.०५ पाउंड असे दर होते. प्रत्येक कामाखाली अडचण किती आहे हे सांगणारी ठरलेली विधानं असतात आणि प्रत्येक विधानाला गुण असतात. एका कामात एकच विधान लागू होतं आणि ते निम्म्याहून जास्त दिवस खरं असावं लागतं. पिप सुरू होण्याच्या तारखेआधीचे ३ महिने आणि पुढचे ९ महिने अशी स्थिती असायला हवी.

ट्रायब्युनल तुमच्या आजाराचं नाव मोजत नाही. तुम्ही काय करू शकता, कसं करता आणि किती वेळा करू शकता, हे मोजतं. नियमातच चार कसोट्या दिल्या आहेत: काम सुरक्षितपणे करता आलं पाहिजे, बऱ्यापैकी नीट झालं पाहिजे, लागेल तितक्या वेळा करता आलं पाहिजे आणि निरोगी माणसाला लागणाऱ्या जास्तीत जास्त वेळेच्या दुपटीहून अधिक वेळ लागता कामा नये. यातली एक जरी हुकली, तरी कायद्याच्या नजरेत ते काम तुम्हाला येत नाही. या चार कसोट्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टेबलावर ठेवा आणि प्रत्येक कामाला लावून बघा.

आपल्या घरांमध्ये घोडं अडतं ते इथेच. मदत इतकी अंगवळणी पडलेली असते की ती मदत आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही. नवऱ्याला मी विचारलं, 'कपडे घालायला काही अडचण?' तो म्हणाला, 'नाही.' त्या वेळी मी त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावत होते. मोजे मी चढवते, पट्टा मी लावते, आणि त्याच्या मते तो स्वतः तयार होतो. मूल्यमापनाला आलेल्या बाईंना त्याने हेच सांगितलं, आणि त्यांनी ते तसंच उतरवून घेतलं.

स्वयंपाकाचंही तसंच. आपले पुरुष सांगतात, 'मी स्वयंपाकघरात जातच नाही, बायको करते.' यावर शून्य गुण, कारण प्रश्न सवयीचा नाही, क्षमतेचा आहे. ताज्या भाज्यांपासून एका माणसापुरता साधा एक पदार्थ गॅसवर करून घेता येईल का, एवढंच बघतात. म्हणून लिहायचं ते असं: चाकू धरून दाब देता येत नाही, पाण्याने भरलेलं पातेलं उचललं तर हातातून सुटतं, भाजी चिरायला दुसरं माणूस लागतं. दुसऱ्याच्या मदतीची गरज असेल तर या कामाला ४ गुण आहेत. आणि गरज आहे एवढं पुरे, मदत करणारं माणूस घरात आहे की नाही याने गुण बदलत नाहीत. एकटे राहणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

आंघोळीबद्दल 'करतो, पण त्रास होतो' असं लिहिलेलं मी पुष्कळ फॉर्ममध्ये पाहिलंय. त्यातून कुणाला काय कळणार? त्याऐवजी असं लिहा: 'आठवड्यातले चार-पाच दिवस टबच्या कडेवरून पाय उचलता येत नाही. पत्नी दंडाला धरून आत घेते आणि बाहेर काढते. गुडघ्याखाली हात पोचत नाही, पाय तीच धुते. एकदा तिला यायला वेळ लागला तेव्हा मी एकटा उतरायला गेलो आणि घसरलो. आंघोळीनंतर अर्धा तास पडून राहावं लागतं.' टबमध्ये किंवा शॉवरमध्ये जायला-यायला मदत लागत असेल तर ३ गुण. कमरेखालच्या कपड्यांना मदत लागत असेल तर २. स्वयंपाकाचे ४ धरून ९ झाले, म्हणजे स्टँडर्ड दर गाठला. ताटातलं कापून द्यावं लागत असेल तर आणखी २, संडासात उंच सीट किंवा दांडा लागत असेल तर आणखी २. एकूण १३. अशी बेरीज स्वतः करून बघा आणि अपिलाच्या निवेदनात प्रत्येक कामाखाली कोणतं विधान लागू होतं ते स्पष्ट लिहा.

चालण्याच्या बाबतीत मीटर मोजतात. ५० ते २०० मीटर चालता येत असेल तर ४ गुण, २० ते ५० मीटर कशाच्याही आधाराविना असेल तर ८, आधाराने असेल तर १०, आणि २० मीटरही जमत नसेल तर १२. 'थोडं चालतो' म्हणू नका. दारापासून कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंतचं अंतर मोजा, किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा, कुठे थांबावं लागतं, परत येऊन काय होतं, लगेच दुसऱ्यांदा जाता येईल का, हे सगळं लिहा. फिट येणाऱ्यांनी 'सुरक्षितपणे' ही कसोटी धरून ठेवावी. २०१७ मध्ये अप्पर ट्रायब्युनलने, म्हणजे वरच्या न्यायाधिकरणाने, स्पष्ट केलं आहे की धोका रोज घडायलाच हवा असं नाही. घडला तर इजा किती गंभीर होईल, हेही बघायचं असतं.

पुराव्यासाठी सगळे जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे, धावतात. जीपीच्या पत्रात बहुधा आजाराचं नाव आणि गोळ्यांची यादी येते. तेवढ्याने आंघोळ कशी होते हे कळत नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्टचा (रोजची कामं कशी जमतात ते बघणाऱ्या तज्ज्ञाचा) अहवाल, फिजिओच्या नोंदी, स्पेशालिस्ट नर्सचं पत्र यांचा उपयोग जास्त होतो. जीपी पत्राचे पैसे मागू शकतात, पण तुमच्या वैद्यकीय नोंदींची प्रत तुम्हाला फुकट मागता येते. घरच्यांचं लेखी निवेदन हाही पुरावाच असतो. मी माझं लिहिलं त्यात विशेषणं काढून टाकली आणि सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत मी काय काय करते, तेवढंच मांडलं. अहवालात 'कार चालवतात, म्हणजे पकड चांगली आहे' अशा छापाची वाक्यं असतात. त्या प्रत्येक वाक्याला उत्तर द्या: गाडी ऑटोमॅटिक आहे का, किती लांब जाता, वाईट दिवशी कोण चालवतं.

डीडब्ल्यूपीचं उत्तर आणि सगळे कागद मिळून जाडजूड बंडल घरी येतं. पानांना क्रमांक असतात. महत्त्वाच्या पानांना चिकटपट्ट्या लावा. लक्षात असू द्या, ट्रायब्युनल निर्णयाच्या तारखेला तुमची अवस्था कशी होती तेच बघतं. पुरावा नंतरचा चालतो, पण तो त्या काळाबद्दल बोलला पाहिजे. मधल्या काळात डीडब्ल्यूपीकडून तडजोडीचा फोन येऊ शकतो. फोनवर लगेच 'हो' म्हणू नका, लेखी मागा आणि आपली बेरीज समोर ठेवून ठरवा.

ज्यांना आधीच थोडे गुण मिळाले आहेत, त्यांनी सावध राहावं. ट्रायब्युनल गुण वाढवू शकतं तसं मिळालेलं काढूही शकतं. अपिलाआधी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस, जवळचं लॉ सेंटर किंवा काउन्सिलची वेल्फेअर राइट्स टीम यांना कागद दाखवा. मदत मोफत असते, पण भेट मिळायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या पत्रापासूनच फोन करा.

इंग्रजी कामापुरतं येत असलं तरी दुभाषा मागा. वेदनेबद्दल, संडासाबद्दल अनोळखी माणसांपुढे बोलायचं असतं, ते आपल्या भाषेतच नीट बोलता येतं. दुभाषा ट्रायब्युनल पुरवतं, पैसे पडत नाहीत. फॉर्मवर भाषा 'मराठी' अशीच लिहा, नाहीतर हिंदीचा दुभाषा समोर येऊन बसतो. मुलगा किंवा सून दुभाषा होऊ शकत नाहीत, पण साक्षीदार म्हणून बोलू शकतात. दुभाष्याचं बोलणं समजत नसेल तर तिथल्या तिथे सांगा.

सुनावणीत एका टेबलाभोवती तीन जण असतात: न्यायाधीश, एक डॉक्टर आणि अपंगत्वाचा अनुभव किंवा जाण असलेले एक सदस्य. आरोपीचा पिंजरा नाही, उलटतपासणीचा आवेश नाही. डीडब्ल्यूपीचा माणूस पुष्कळदा येतही नाही. आम्हाला पहिला प्रश्न होता, 'आज इथे कसे आलात?' गाडी कुणी चालवली, कुठे लावली, तिथून दारापर्यंत किती वेळ लागला, वाटेत थांबलात का. गप्पा वाटतात, पण चालण्याचे मीटर त्यातूनच ठरतात. डॉक्टरांनी सकाळचा पहिला तास मिनिटागणिक विचारला. नवरा सवयीने 'मॅनेज होतं' म्हणाला, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, 'म्हणजे कसं?' आणि मग तो बोलला. त्या दिवशी शूर होऊ नका आणि वाढवूनही सांगू नका. चांगला दिवस कसा असतो, वाईट कसा, आठवड्यात कोणते किती, एवढं सांगा. मूल्यमापन करणाऱ्यांविषयीचा राग बाहेर ठेवा. त्यांची तक्रार ऐकणं हे या मंडळींचं काम नाही, ते निर्णय नव्याने घेतात. दमलात तर थोडी विश्रांती मागा, ती देतात. प्रवासखर्चही मिळतो. टॅक्सी लागणार असेल तर आधी कळवून मंजुरी घ्या.

निकाल त्याच दिवशी सांगतात किंवा पोस्टाने येतो. बाजूने लागला तर मागची थकबाकीही मिळते. विरोधात गेला तर एक महिन्याच्या आत कारणांचं सविस्तर निवेदन मागा, त्याशिवाय पुढची वाट अवघड होते. ते वाचून कायद्याची चूक दिसली तरच अप्पर ट्रायब्युनलकडे जाण्याची परवानगी मागता येते, नुसतं 'आम्हाला पटलं नाही' एवढं चालत नाही. या टप्प्यावर वकिलाचा सल्ला घ्याच, लीगल एड, म्हणजे वकिलाच्या खर्चासाठी सरकारी मदत, हीही इथे मिळू शकते.

रोजच्या जगण्याचा भाग मिळाला आणि घरातलं कुणी आठवड्याला ३५ तास तरी काळजी घेत असेल, तर त्या माणसाला केअरर्स अलाउन्स मागता येतो का, ते लगेच तपासा. त्याला कमाईची मर्यादा आहे. आणि बंडल टाकून देऊ नका. पिप बहुधा ठरावीक मुदतीसाठी असतं, पुनर्तपासणीचा फॉर्म येतो, आणि तेव्हा तेच निवेदन नव्या तारखा आणि बदललेली स्थिती घालून पुन्हा लिहावं लागतं.